झेब्र्याची वाट नेमकी कोण अडवतो?

आफ्रिकेतल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीला परवानगी असावी की नसावी, हा जुना वाद गेल्या काही वर्षांत पुन्हा पेटला आहे. शिकारीची ट्रॉफी म्हणून आणली जाणारी मुंडकी, कातडी आणि शिंगे यांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने मार्च २०२३ मध्ये मंजूर केले. वरिष्ठ सभागृहात ते रेंगाळले आणि बारगळले. जर्मनीतही असेच निर्बंध आणण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा बोत्स्वानाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी यांनी एप्रिल २०२४ मध्ये वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवून देण्याची धमकी दिली. एका बाजूला प्राण्यांविषयी कळवळा असलेले शहरी युरोपीय, दुसऱ्या बाजूला आपल्या भूमीचा कारभार आपणच करू म्हणणारी आफ्रिकी सरकारे, असे या वादाचे चित्र उभे राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलेला भारतीय वाचक सहसा पहिल्या बाजूला जाऊन बसतो. माझ्या मते निदान झेब्र्यापुरता तरी हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे. झेब्रा टिकणार की नाही, हे त्याच्यावर गोळी झाडण्याचा परवाना कोणाला मिळतो यावर फारसे अवलंबून नाही. त्याला चालायला सलग माळ, प्यायला पाणी आणि या दोहोंमधली मोकळी वाट मिळते की नाही, यावर ते अवलंबून आहे. आणि नेमका हाच विषय दोन्ही बाजूंच्या भाषणांत जेमतेम एखाद्या ओळीपुरता येतो.

हे म्हणणे समजून घ्यायचे तर आधी या प्राण्याच्या शरीराकडे पाहावे लागते. झेब्र्याच्या आज तीन जाती आहेत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत सर्वाधिक संख्येने आढळणारा मैदानी झेब्रा. नामिबिया, अंगोला आणि दक्षिण आफ्रिकेच्या डोंगराळ भागांत राहणारा, बैलासारखी गळ्याखाली लोंबणारी लहानशी पोळी असलेला पर्वतीय झेब्रा. आणि उत्तर केनिया व इथिओपियाच्या रखरखीत पट्ट्यातला, मोठ्या गोल कानांचा, अतिशय बारीक पट्ट्यांचा आणि पांढऱ्या पोटाचा ग्रेव्ही झेब्रा. सामान्य कुतूहल पट्ट्यांपाशीच थांबते, आणि पट्टे कुतूहल वाटावे असे आहेतही. ते कशासाठी, यावर डार्विन आणि वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञांतही मतभेद होते. अलीकडचा सर्वात भक्कम पुरावा माश्यांकडे बोट दाखवतो. इंग्लंडमध्ये टिम कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्टेदार झुली घालून पाहिल्या आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पट्टेदार झुलीवर गोमाश्या फारच कमी बसल्या. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यांवर मात्र त्या सारख्याच प्रमाणात बसत राहिल्या. दुरून येणारी माशी पट्ट्यांजवळ पोचताना वेग कमी करत नव्हती; ती अंगावर आपटून उडायची किंवा तशीच पुढे निघून जायची.

पट्ट्यांनी माशी चुकवता येते, भूक भागत नाही. झेब्र्याच्या जगण्याचे मर्म त्याच्या आतड्यात आहे. गाय किंवा विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे आफ्रिकेतले मोठे हरीण) रवंथ करतात. त्यांच्या पोटात अन्न बराच काळ मुरते, त्यामुळे थोडक्या पण चांगल्या चाऱ्यावर त्यांचे भागते. झेब्रा घोड्याच्या कुळातला आहे. तो रवंथ करत नाही, त्याच्या अन्नाचे आंबवण मोठ्या आतड्यात होते आणि अन्न पोटातून लवकर पुढे सरकते. निकस, काडीदार, वाळलेल्या गवतावरही तो जगू शकतो, पण अट एकच: ते भरपूर हवे. म्हणून सेरेंगेटीत उंच आणि जाड गवतात सहसा झेब्रे पुढे जातात, वरचे खरखरीत गवत खातात आणि मागून येणाऱ्या विल्डबीस्टला खालचा कोवळा पाला मोकळा होतो. पण भरपूर गवत एकाच जागी बारा महिने मिळत नाही. पाऊस जिथे पडेल तिथे जावे लागते, आणि रोज नाही तरी दोन-चार दिवसांनी पाण्याकडे परत यावे लागते. पिलाला पाजणाऱ्या ग्रेव्ही मादीला तर जवळजवळ रोजच पाणी लागते. अशा प्राण्याला बंदूक न दाखवताही मारता येते. त्याच्या गवताच्या आणि पाण्याच्या मधोमध एक तार ताणली की पुरे.

शिकारवादी आणि शिकारविरोधी दोघेही दाखला म्हणून क्वाग्गाचे नाव घेतात, म्हणून त्याची हकिकत नीट पाहायला हवी. क्वाग्गा म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातला, पुढच्या भागावर पट्टे आणि मागचा भाग तपकिरी असलेला झेब्रा. त्याची शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, आणि ती शेवटची होती हे त्या दिवशी कोणाला ठाऊकही नव्हते. पुढे १९८४ मध्ये तिच्या जातभाईच्या जपून ठेवलेल्या कातड्यातून डीएनए मिळवला गेला. नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि क्वाग्गा हा मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार होता हे त्यातून पुढे आले. त्याला गोळ्यांनी संपवले यात शंका नाही. त्याचे मांस शेतमजुरांना घातले जाई आणि कातड्यांची धान्याची पोती शिवली जात. पण गोळ्या का झाडल्या? कारूतले गवत मेंढ्या-बकऱ्यांसाठी राखायचे होते आणि क्वाग्गा त्यात वाटेकरी ठरला होता. निर्णय गवताचा होता, बंदुकीने त्याची अंमलबजावणी केली. १९८७ मध्ये राइनहोल्ड राऊ यांनी निवडक मैदानी झेब्र्यांच्या पैदाशीतून क्वाग्गासारखे दिसणारे प्राणी पुन्हा घडवण्याचा प्रकल्प सुरू केला, आणि मागे पट्टे नसलेली शिंगरे जन्मालाही आली. रंग परत आणता आला हे खरे. ज्या माळावर तो रंग शेकडोंच्या कळपाने फिरत असे, तो माळ मात्र अजूनही कुंपणांनी चिरलेला आहे.

इथे शिकारीचे समर्थक एक बिनतोड वाटणारा मुद्दा मांडतात. ते म्हणतात, शेतकऱ्याला क्वाग्गा भार वाटला याचे कारण त्याला काही किंमत नव्हती, मेंढीला होती. झेब्र्यालाही किंमत येऊ द्या, म्हणजे शेतकरी त्याच्यासाठी गवत राखेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये कुंपणात बंदिस्त वन्य प्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क मान्य केला, नामिबियाने त्याआधी १९७५ मध्ये खासगी जमिनींवर आणि १९९६ मध्ये गावसमूहांनाही तसे अधिकार दिले, आणि दोन्ही देशांत अनेक मालकांनी गुरे कमी करून वन्य प्राणी राखायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या पर्वतीय झेब्र्याची कथा तर या बाजूचा हुकमी पत्ता आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याची संख्या शंभराच्याही खाली आली होती. त्याच्यासाठी राखीव जागा मागायला गेलेल्यांना ‘फुटबॉलच्या जर्सी घातलेली ही गाढवे’ असे उत्तर जनरल केम्प या मंत्र्यांनी दिले, असे सांगतात. १९३७ मध्ये क्रॅडॉकजवळ राष्ट्रीय उद्यान झाले खरे, पण त्यात पाच नर आणि एकच मादी होती. १९५० पर्यंत हा कळप जवळजवळ संपला. त्याच वर्षी शेजारच्या एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीवरचे ११ झेब्रे उद्यानाला दिले आणि तिथून पुढची वाढ झाली. आज ही उपजाती साडेचार हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांतले बरेच झेब्रे खासगी जमिनींवर आहेत. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वात कडक निर्बंधांच्या यादीतूनही तिला खाली आणले गेले.

हे सगळे मान्य. पण ते ११ झेब्रे देणाऱ्या शेतकऱ्याला १९५० साली कुठला शिकारी डॉलर मोजत होता? ट्रॉफीचा आजचा बाजार तेव्हा नव्हता. त्याने, आणि त्याच्यासारख्या आणखी दोन-चार जणांनी, आपल्या डोंगराचा एक भाग झेब्र्यांसाठी सोडला, एवढेच घडले. किंमत नंतर आली. शिवाय किंमत आली तरी ती काय विकत घेते, हेही पाहावे. खासगी जमिनीवरचा कळप कुंपणाच्या आत असतो, कारण मालकी सिद्ध करायला कुंपण लागते. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याची ती अटच आहे. मग शेजारच्या कळपात नर जात नाही, बाहेरचे रक्त मिसळत नाही. आजचे सगळे केप पर्वतीय झेब्रे अवघ्या तीन मूळ कळपांचे वंशज आहेत, आणि काही राखीव क्षेत्रांत त्यांच्या अंगावर गाठींचा आजार बळावला, त्यामागे आपसांतल्या पैदाशीचा संशय घेतला जातो. डोंगर-कपारींत थोडक्या जागेत राहणाऱ्या या जातीला तरी कुंपणाचे जीवन काही प्रमाणात सोसते. शेकडो किलोमीटर चालणाऱ्या मैदानी झेब्र्याचे काय? बाजारभावाने डोकी वाढतील. वाट वाढत नाही, उलट प्रत्येक नव्या मालकाबरोबर ती तुटते.

बोत्स्वानातले उदाहरण मला या सगळ्या वादातले सर्वात बोलके वाटते, आणि नवल म्हणजे बोत्स्वानाचे नाव घेऊन तावातावाने बोलणाऱ्यांच्या तोंडी ते क्वचितच येते. ओकाव्हांगोच्या त्रिभुज प्रदेशातून मकगाडिकगाडीच्या खारट मैदानाकडे झेब्र्यांचा एक जुना हंगामी प्रवास होता. १९६८ मध्ये त्या वाटेवर पशुवैद्यकीय कुंपण उभे राहिले. हेतू होता रानम्हशींकडून गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत रोखण्याचा, कारण रोग आटोक्यात असल्याशिवाय युरोप बोत्स्वानाचे गोमांस घेत नाही. गंमत अशी, की लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना होतो. एकखुरी झेब्र्याला तो होतच नाही. ज्या रोगाशी त्याचा संबंध नाही, त्या रोगासाठी त्याची वाट छत्तीसएक पावसाळे बंद राहिली. २००४ मध्ये ते कुंपण काढले गेले आणि पुढच्या काही वर्षांत उपग्रह-पट्टे लावलेल्या झेब्र्यांनी एका बाजूला सुमारे २९० किलोमीटरचा हा प्रवास पुन्हा सुरू केल्याचे दिसून आले. झेब्र्याचे आयुष्य रानात वीस वर्षांच्या आसपास. म्हणजे चालणाऱ्यांपैकी एकानेही ती वाट पूर्वी पाहिलेली नव्हती. त्या दरम्यान बोत्स्वानात शिकार चालू होती. पुढे २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा खुली झाली. या स्थलांतराच्या पुनर्जन्माशी त्यातल्या एकाही निर्णयाचा संबंध नव्हता. तार निघाली आणि कळप निघाले.

आता शिकारविरोधी बाजूकडे वळू. तिचा सर्वात बळकट आधार ग्रेव्ही झेब्रा आहे, आणि तो खरोखर बळकट आहे. १९७० च्या दशकात या झेब्र्याच्या नाजूक पट्ट्यांच्या कातड्याला पाश्चात्त्य फॅशनच्या बाजारात मागणी आली, बंदुका स्वस्त झाल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे १५,००० असलेली संख्या पुढच्या काळात तीन हजारांच्याही खाली कोसळली. सोमालियातून तो नाहीसा झाला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या कातड्याचा व्यापार बंद केला. हे झाले नसते तर आज कदाचित इथिओपिया आणि केनियातही तो उरला नसता. तेव्हा बंदी निरर्थक होती असे मी म्हणणार नाही. ज्या प्राण्याची संख्या इतकी खाली गेली आहे, त्याच्या कातड्यावर भाव लावणे हा आजही शुद्ध वेडेपणा ठरेल.

पण बंदीनंतर काय झाले? केनियातच केलेल्या हवाई गणनांच्या दीर्घ अभ्यासातून २०१६ मध्ये असे पुढे आले, की १९७७ पासूनच्या चार दशकांत देशातल्या मोठ्या वन्य प्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, आणि त्याच काळात शेळ्या-मेंढ्या ७६ टक्क्यांनी वाढल्या. शिकारीवर इतकी निर्विवाद बंदी आफ्रिकेत फार थोड्या देशांत असेल. तरीही ही घट! मैदानी झेब्र्याचीही हीच गत आहे. जागतिक पातळीवर २००२ मध्ये सुमारे ६,६०,००० असलेली त्याची संख्या २०१६ मध्ये पाच लाखांच्या थोडीशी वर राहिली. ट्रॉफी शिकारीने हे घडले असते तर हिशेब सोपा होता. मांसासाठी लावलेले फासे, नांगराखाली गेलेला माळ, वस्त्या आणि कुंपणे या सगळ्यांनी मिळून ते घडवले आहे. बंदीचा कायदा बंदुकीला लागू होतो. विहिरीला, नांगराला आणि तारेला तो लागू होत नाही.

आकडे पाहिल्यावर साहजिकच तिसरा आरोपी पुढे केला जातो: गुराखी. सांबुरू, बोराना, रेंदिले या पशुपालकांची शेळी-मेंढी वाढली म्हणून झेब्रा उपाशी मेला, असे सरळ समीकरण मांडले जाते. स्पर्धा आहे, हे नाकारता येत नाही. उत्तर केनियात पाणवठ्यांभोवती काटेरी फांद्यांची कुंपणे घातली जातात, दिवसा गुरे पाणी पितात आणि ग्रेव्ही झेब्र्याला अंधार पडण्याची वाट पाहावी लागते; रात्री पाण्यावर सिंह आणि तरस असतात, आणि दमलेली शिंगरे आधी बळी पडतात. २०२२ च्या दुष्काळात केनियाच्या सरकारी अहवालात काही महिन्यांत ४९ ग्रेव्ही झेब्रे मेल्याची नोंद आहे. तीन हजारांच्या आसपास उरलेल्या जातीत ४९ हा किरकोळ आकडा नव्हे.

तरीही या आरोपात एक गोष्ट निसटते. केनियातल्या लाइकिपिया भागात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोरड्या ऋतूत झेब्र्यांसारख्या वन्य प्राण्यांमुळे गाईंचे वजन कमी वाढते असे दिसले. पावसाळ्यात मात्र उलटे झाले. झेब्र्यांनी वाळलेल्या काड्या खाल्ल्यामुळे गाईंना हिरवा, सकस चारा जास्त मिळाला आणि त्या अधिक वाढल्या. म्हणजे गाय आणि झेब्रा हे जन्मजात वैरी नाहीत. हजारो वर्षे पूर्व आफ्रिकेत गुरे आणि झेब्रे एकाच माळावर चरत आली, ती उगीच नव्हे; दोघांचीही रीत चालत राहण्याची होती. स्पर्धा तेव्हा जीवघेणी होते, जेव्हा गुराख्याचीही वाट अडते आणि त्याला त्याच विहिरीभोवती वर्षभर थांबावे लागते. टांझानियात तारांगिरे उद्यानाबाहेरच्या सिमांजिरो मैदानावर खनिजांनी समृद्ध गवत आहे, त्यासाठी झेब्रे पावसाळ्यात उद्यान सोडून तिकडे जातात. तिथल्या तेरात गावाशी पर्यटन व्यावसायिकांनी साधा करार केला: माळावर नांगर घालायचा नाही, गुरे खुशाल चारायची, आणि त्याबद्दल गावाला दरवर्षी पैसे. त्यात ना शिकारीचा परवाना आहे, ना गावकऱ्यांची हकालपट्टी. इतका अनाकर्षक उपाय असल्यामुळेच बहुधा त्यावर कुठल्या संसदेत घोषणा होत नाहीत. उत्तर केनियात ग्रेव्ही झेब्र्याची संख्या अलीकडे स्थिरावली आहे, तिथेही मुख्य काम संरक्षित क्षेत्रांबाहेर, सांबुरू गावांतल्याच निरीक्षकांनी आणि चराईचे वेळापत्रक ठरवणाऱ्या समित्यांनी केले आहे.

आपल्याकडे हा धडा वेगळ्या प्राण्याने दिलेला आहे. माळढोकची शिकार १९७२ पासून बंद आहे आणि सोलापूर-अहमदनगरच्या पट्ट्यात १९७९ मध्ये त्याच्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. कालव्याचे पाणी आले, माळरानावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोक मात्र आज महाराष्ट्रात दिसेनासा झाला आहे. त्याला कोणत्या शिकाऱ्याने मारले, असे विचारणाऱ्याला त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या परिसरात काय उत्तर मिळेल? आणि त्याच माळावर मेंढ्या चारणाऱ्या धनगरालाच मुख्य गुन्हेगार ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्यालाही आहे.

राहता राहिला युरोपचा प्रश्न, कारण ट्रॉफीचा वाद तिथल्या संसदांत झडतो. उत्तर केनियातल्या ग्रेव्ही झेब्र्याची जीवनरेषा म्हणजे इवासो न्यिरो नदी. तिचा उगम माउंट केनियाच्या बाजूला, आणि त्या उतारांवर नान्युकी-तिमाऊच्या पट्ट्यात गुलाब आणि घेवड्याची शेती आहे. तिचा मोठा भाग युरोपच्या बाजारांत जातो. वर पाणी उपसले जाते तसे कोरड्या ऋतूत खाली नदीचे पात्र आटत जाते. बोत्स्वानाचे कुंपण गोमांसासाठी होते, इथली नदी फुलांसाठी आटते आहे. ज्या संसदेला भिंतीवरचे एक मुंडके खुपते, तिला ताटातला घेवडा का खुपत नाही? मुंडके दिसते, छायाचित्रात येते, त्याच्यावर राग काढता येतो. नदीतून उपसलेल्या पाण्याचे छायाचित्र कोण काढणार? मी घेवड्यावर बंदी घाला असे म्हणत नाही, त्या मळ्यांवर हजारो केनियन कुटुंबे पोट भरतात. पण कोरड्या महिन्यांत उपशाला मर्यादा घालणे, पावसाळ्यातले पाणी साठवायला मळ्यांना भाग पाडणे आणि तो खर्च खरेदीदाराने सोसणे, हे सहज मागता येण्यासारखे आहे, आणि ट्रॉफीच्या आयातबंदीपेक्षा झेब्र्याला त्याचा लाभ कितीतरी थेट आहे.

दरम्यान लामू बंदरापासून इसिओलोमार्गे इथिओपिया आणि दक्षिण सुदानकडे जाणारा महामार्ग, रेल्वे आणि तेलवाहिनी यांचा पट्टा केनियाच्या नकाशावर आखला गेला आहे. इसिओलो ते मोयाले रस्ता झालाही. रेल्वे आणि वाहिनी अजून व्हायची आहे. ग्रेव्ही झेब्र्याच्या उरल्यासुरल्या टापूतूनच हा पट्टा जातो. माउंट केनियाजवळ हत्तींसाठी रस्त्याखालून भुयारी वाट काढलेली आहे, तेव्हा वाट ठेवता येत नाही अशी सबब कोणाला सांगता येणार नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालायचे की नाही, घातले तर किती किलोमीटरवर मोकळी जागा सोडायची, आणि त्या जागा सांबुरू गुराख्यांना विचारून ठरवायच्या की नैरोबीतल्या कार्यालयात, हे निर्णय अजून व्हायचे आहेत. ज्यांना झेब्र्यासाठी भांडायचे आहे, त्यांनी ते इथे भांडावे.